मिठाची ओळ

जानराव दुकान उघडायला आले तेव्हा त्यांच्या दाराच्या फळीवर निवृत्ती मोतीरामाचं तोंड चिकटवत होता. मैद्याची खळ ताजी होती, अजून ऊन होती. ती कागदाच्या कडेवरून मोतीरामाच्या कपाळावर, कपाळावरून नाकावर, नाकावरून ओठांवर अशी ओघळत गळ्यापर्यंत आली आणि घाटीपाशी थेंब धरून थांबली. "काका, तेवढी चिंधी फिरवा खालून, मी वरतून दाबून राह्यलो," निवृत्ती म्हणाला. जानरावांनी चिंधी घेतली, हात वर नेला, आणि हात तिथंच राहिला. कागदावरचा गळा तो, छापखान्याच्या निळ्या शाईतला, अर्धा पुसट. त्याला हात लावायला बोटं तयार होईनात. निवृत्तीनं वरून पाहिलं आणि हसला. "भरून आलं का काका? यील ना. मानूस तुमच्या संगं एका ताटात जेवलेला, त्याले असं फळीवर चिटकोताना कोनालेबी भरून यील." आणि त्यानंच आपल्या अंगठ्यानं मोतीरामाच्या गळ्यावरची खळ निपटून काढली, अंगठा विजारीला पुसला आणि म्हणाला, "पहिल्या रांगेत मधली खुर्ची तुमची. शनिवारी दिवस बुडायच्या आंधी गान्याले या. मिठाची ओळ सुरुवातीलेच घेते तो."

झालं. एवढंच झालं. पण त्या दिवशी जानरावांनी एका गिऱ्हाइकाला ढेपेऐवजी सरकी बांधून दिली आणि दुसऱ्याला काहीच न बांधता राम राम घातला. नांदुऱ्याच्या बाजारात त्यांचं सरकी-ढेपेचं दुकान म्हणजे काय, तर गुरांच्या पोटाचं आणि माणसांच्या कानाचं दुकान. ढेप दुसरीकडेही मिळत होती. पण जानरावांची गोष्ट दुसरीकडे मिळत नव्हती. वडनेर भोलजीची जमीन बटाईनं देऊन ते नांदुऱ्यात आले, तेव्हापासून त्यांच्या गोष्टीवर दोनचार माणसं रोज पोत्यांवर बसलेली असत. एखादा तर बैल विकून टाकल्यावरही सवयीनं ढेप न्यायला येई. गोष्टी पुष्कळ होत्या. हरणाच्या शिंगाला कंदील बांधून पूर्णेच्या पुरातून वाट काढल्याची एक होती, मुक्या घुबडाला बाराखडी शिकवल्याची एक होती. त्या सगळ्या लोक हसून ऐकत, आणि जानरावही हसून सांगत, कारण दोघांनाही ठाऊक असे की हे भुसाचं पोतं आहे. मोतीरामाची गोष्ट मात्र लोक हसता हसता थांबून ऐकत. तिच्यात काहीतरी खरं आहे असा वास येई. आणि वास खरा होता, हेच तर.

मोतीराम पेटीवाले आता म्हातारे झाले होते. पण त्यांच्या गळ्याच्या काळ्या तबकड्या निघाल्या होत्या, आणि मुंबईच्या मैदानांत माणसं झाडांवर बसून ऐकतात म्हणे. वऱ्हाडात तर त्यांच्या नावावर दंतकथांचं पीक आलं होतं. कडूबाच्या हॉटेलात सकाळपासून तेच चाललेलं. हा कडूबा भट्टीपुढं उभा राहून चहा गाळता गाळता गप्पांना फोडणी द्यायचा, आणि चहापेक्षा फोडणी तेज. "जळंबच्या टेसनावर त्यानं तान घेतली," तो जानरावांपुढं बशी ठेवत म्हणाला, "तं गार्डानं झेंडी खालीच धरली. गाडी हालेच ना. इंजिनवाला म्हने, आंधी अंतरा होऊ द्या!" कोणी म्हणालं, आता विजेचा बेंजो आणते तो, त्याले हात लावला तं झटका बसते, म्हणून रबरी चप्पल घालून वाजवते. कोणी म्हणालं, वाजवणारा दुसराच हाये, मोतीराम पेटीच वाजवते, आणि पेटीच्या भात्यात उन्हाळ्यातबी गार वारा असते. "हे सारं राहू द्या," कडूबा म्हणाला आणि चहाचं फडकं खांद्यावर टाकून जानरावांकडे असा वळला की सगळं हॉटेल वळलं. "जानरावभाऊ, एक शर्त लागली हाये. त्या दिवशी त्यानं तुमच्या घरी खाल्लं काय? तुम्ही मांगच्या साली भरीत सांगतलं. त्याच्या मांगच्या साली कढी-फुणके. आन् हा वामन्या म्हनते, तुम्ही पातोडीची भाजी सांगतली होती." हॉटेल हसलं. जानरावही हसले. "अरे, तो जेवला पोटभर," ते म्हणाले, "एका पदार्थावर भागलं असतं का त्याचं?" आणखी हसू. कडूबानं मांडीवर थाप मारली. "आता शनिवारी त्याच्याच तोंडून आयकू!"

ही मिठाची ओळ म्हणजे मोतीरामाची जुनी रीत. ज्या गावात गाणं, त्या गावच्या शिवारात ज्या घरानं त्याला कधी जेवू घातलं असेल, त्या घरच्या माणसाचं नाव तो पहिल्या गाण्याआधी एका ओळीत गुंफून गायचा. नुसतं नाव नाही. गाव, वेळ, ताटात काय होतं ते. मग ठरलेलं पालुपद: ज्याची भाकर पोटात, त्याचं नाव ओठात; आणि सगळ्यात शेवटी नाव. एखाद्या गावी कुठल्याच घरचं खाल्लेलं नसेल तर तो घोटभर पाणी पिऊन थेट गाण्याला हात घाली. मोठमोठ्या लोकांना वाटे की आपलं नाव त्या ओळीत यावं; पंगती मांडून बोलावत; पण तो म्हणे, भूक असताना जे मिळालं तेच मीठ, बाकी नुसतं जेवण. नांदुरा-मलकापूरच्या पट्टीत तो इतक्या वर्षांत आलाच नव्हता. एकदा खामगावला येऊन गेला, तेव्हा जानरावांची कंबर धरली होती. निदान लोकांना तसं सांगितलं होतं. तेव्हा त्यांच्या बायकोनं, केसरबाईंनी, कमरेला तेल चोळलं, आणि चोळता चोळता दुखरी जागा विचारलीसुद्धा नाही.

दुपारी दुकानात कोणी नसताना जानराव ढेपेच्या पोत्याला टेकून बसले. ढेपेचा वास हा तेलाचाही नाही आणि धान्याचाही नाही, मधलाच, कोंदट, गोठ्याकडे नेणारा. त्या वासानं ते दरवेळी वडनेरच्या गोठ्यात जाऊन पोचत आणि दरवेळी दारातून परत फिरत. आज परत फिरता येईना. चैताचं ऊन. रस्त्याच्या बाजूला गोठा, गोठ्याला लागून घर. आदल्या रात्री गावकुसाबाहेरच्या वस्तीत मोतीरामाचं गाणं झालेलं, आणि पंचविशीतला जानराव लिंबाच्या खोडाआड उभा राहून ऐकत होता; लांबून, कारण जवळ बसणं शक्य नव्हतं; आणि पहाटेपर्यंत, कारण निघून जाणं त्याहून शक्य नव्हतं. तो आवाज कानात शिरत नसे, बरगडीत शिरत असे. एका वरच्या सुरावर तो आवाज थोडा फाटायचा, आणि त्या फाटीतून असं काही दिसायचं की जानरावला वाटलं, आपल्याला आजवर कोणी हाकच मारली नव्हती, ही पहिली. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तोच माणूस, पेटी डोक्यावर, नांदुऱ्याच्या टेसनाकडे पायी चाललेला, गोठ्यापाशी थांबून म्हणाला, "मालक, पानी भेटंल का?"

जानराव धावला होता. हे खरं, आणि याला साक्ष आहे. तो खरंच धावला, घरात जाऊन नव्या नवरीला म्हणाला, "भाकर काढ. बेसन काढ. तो आला, गानारा." केसरबाईनं भाकर काढली. आणि मग उंबऱ्यावर पाय आला आणि पाय थबकला. वडील ओट्यावर निजलेले, समोरच्या घरी भावकी जागी. मोतीराम गोठ्याच्या सावलीत बसलेला होता, दाव्याच्या खुंट्यापासूनही थोडा पलीकडे. कुठं बसायचं ते त्याला सांगावं लागलं नाही. जानरावनं पळसाचं पान त्याच्यापुढं भुईवर सरकवलं, पायानं नाही, हातानं, हे तो नंतर कितीदा तरी स्वतःला सांगत आला, हातानं. आणि भाकर वरून सोडली. ती पानावर पडली तेव्हा बारीकसा आवाज झाला. बेसन वरून सोडलं. मोतीराम खाऊ लागला. खाता खाता म्हणाला, "कनभर मीठ असंल तं द्या." जानरावनं चिमूट भरून आणली आणि तीही वरून सोडली. वारा होता. अर्धं मीठ पानावर पडलं, अर्धं मातीत. आणि ज्याच्या गळ्यानं रात्री बरगडी उघडली होती, तो माणूस बोटाचं टोक जिभेला लावून मातीतले मिठाचे खडे एकेक टिपून खाऊ लागला. मीठ सांडू नये म्हणतात. मग त्यानं ओंजळ केली. जानराव वरून पाणी ओतत होता आणि बघत होता: गळ्याची घाटी वर जाई, खाली येई, वर जाई, खाली येई. हाताच्या अंतरावर तो गळा. त्याला स्पर्श करावासा वाटला, अगदी देवाच्या मूर्तीला करावा तसा. आणि त्याच क्षणी आपल्या पायावर उडालेले त्या ओंजळीतले थेंब त्यानं झटकले. दोन्ही एकाच अंगात, एकाच वेळी. असं कसं असतं माणसाचं, हे कोणत्या गोष्टीत सांगायचं?

आणि एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. त्या काळी सगळ्यांचंच असं होतं, म्हणायला सोय होती. पण मोतीरामानं तोंड पुसलं, पेटी उघडली, एक सूर धरला आणि विचारलं, "मालक, नाव काय आपलं? मिठाच्या ओळीत घेईन. जाईन तिथी घेईन." जानरावनं ओट्याकडे पाहिलं, समोरच्या घराकडे पाहिलं, आणि खाली वाकून, पहिल्यांदा त्या माणसाच्या इतकं जवळ वाकून, हळूच म्हणाला, "जानराव. पन माझं नाव घेऊ नको कुठी. लोक इचारतील, कसं काय खाऊ घातलं." पेटीचा सूर थोडा लांबला आणि मिटला. मोतीरामाच्या चेहऱ्यावर राग आला असता तर बरं झालं असतं. त्यानं नुसती मान हलवली, एखाद्यानं गावचा रस्ता समजून घ्यावा तशी. "नाई घेनार. शब्द देतो," तो म्हणाला आणि पेटी डोक्यावर घेऊन उन्हात गेला. जानरावनं पान उचललं, उकिरड्यावर टाकलं, ती जागा झाडून काढली, गोमूत्र शिंपडलं. आणि वळला तर दाराच्या फटीत केसरबाईचा अर्धा चेहरा होता. एकच डोळा. त्या डोळ्यात तेव्हा काय होतं ते त्याला आजतागायत सांगता येत नव्हतं, कारण त्यानं दुसऱ्यांदा तिकडे पाहिलंच नव्हतं.

गोष्ट पुढं कशी फिरली ते सांगायला हरकत नाही. काळ बदलला. बौद्धपुऱ्यात पंचशीलाचा झेंडा लागला, हॉटेलातल्या वेगळ्या कपबशा आधी कोपऱ्यात गेल्या, मग फुटल्या. मोतीरामाचं नाव गाजू लागलं. एक दिवस कोणीतरी दुकानात त्याची तबकडी वाजवली आणि जानरावांच्या तोंडून निघून गेलं, "हा माझ्या घरी जेवला हाये." लोकांनी वळून पाहिलं. त्या वळण्यात काय गोडी होती! पहिल्या वर्षी मोतीराम गोठ्यातून ओट्यावर आला. पुढच्या वर्षी ओट्यावरून माजघरात. मग चुलीपाशी, मग पाटावर, मग एका ताटात. एखादं गाडगं उतरंडीवर चढवावं तसा जानरावांनी त्याला एकेक पायरी आत आणला. आपण खोटं बोलतो असं त्यांना वाटत नसे. वाटे की उशिरा का होईना, त्याला आत घेतो आहोत. मीठसुद्धा बदललं: "माझ्या ताटातलं मीठ मी त्याच्या बाजूले सरकोलं." घरी पाहुण्यांना ही गोष्ट सांगताना ताट आलं की केसरबाई उठून आत जात. दूध उतू जाईल म्हणत. कधी कधी घरात दूधच नसे.

गुरुवारी संध्याकाळी निवृत्ती दुकानात आला, खांद्यावर तारेचं भेंडोळं घेऊन. वीज मंडळात तारा ओढायचं काम करणारा हा गडी, गाण्याच्या मंडळाचा सगळा भार त्याच्यावर. तो पोत्यावर बसला आणि एरवीसारखा बडबडला नाही. "काका, एक सांगू?" म्हणाला. "मोतीरामदादाची तारीख घ्यायले मी अकोल्याले गेलो होतो ना, तवा तुमचं नाव काढलं मी. म्हनलं, वडनेरचे जानराव. त्यांच्या घरी तुम्ही जेवले होते." जानरावांनी तराजूतलं वजन उचलून खाली ठेवलं. "मंग?" "मंग काही नाई. पेटीचा भाता बंद केला त्यानं. मंग म्हने, हायेत का? बरे हायेत ना?" "आनखी?" "आनखी काही नाई. आपलं कलावंत मानूस, मनात ठेवते." निवृत्ती तारेचं टोक बोटाभोवती गुंडाळत राहिला. "काका, तुमाले मालूम नाई, लहानपनी शाळेत मास्तर मले पानी वरतून वाढे. मी घरी येऊन रडलो का माझा बाप मले तुमची गोष्ट सांगे. म्हने, सारेच तसे नसतात बे, वडनेरात एक मानूस हाये, त्यानं आपल्या गानाऱ्याले आपल्या ताटात जेवू घातलं, आन् त्या टायमाले! मी त्या गोष्टीवर मोठा झालो म्हना ना. सभेतबी सांगतो मी. म्हनून मले वाटते, शनिवारी तुमचं नाव साऱ्या गावापुढं यावं. माझा बाप असता तं त्यालेबी आयकू आलं असतं." तो उठला, ढेपेचा एक तुकडा तोडून वास घेतला, ठेवला. "येतो काका."

दुकानाची फळी लावताना मोतीरामाचा कागद अर्धा दुमडला गेला. गळा आत, डोळे बाहेर. जानरावांना वाटलं, नाव घेतलं तर काय? शब्द मोडून घेतलं, आणि पुढं सगळं गायला, पान, भाकर, माती, ओंजळ, तर काय? आणि नाहीच घेतलं तर? अर्धं आयुष्य ज्या एका गोष्टीवर लोकांनी वळून पाहिलं ती ढेपेसारखी हातात चुरून जाईल. दोन्हींतलं कुठलं जास्त वाईट ते त्यांना ठरवता येईना. एक तिसरंही होतं, आणि ते सगळ्यांत लाजिरवाणं: नाव घ्यावं, आणि तो आपल्याला हवं तसं घेईल, अशी एक लाळ मनाच्या कोपऱ्यातून अजून गळत होती. मोठा माणूस आहे तो, सांभाळून घेईल. खोटं गाईल आपल्यासाठी. म्हणजे त्या दुपारी त्याच्याकडून मौन घेतलं, आता खोटंही घ्यायचं. रस्त्यावर भोंगा लावलेला टांगा चालला होता, "आपल्या नांदुऱ्याच्या जिनिंगच्या मैदानात," आणि मागं पोरांचा थवा, आणि प्रत्येक ओळखीचा माणूस आज जानरावांना वाकून राम राम घालत होता. प्रत्येक राम राम अंगावर वरून सोडल्यासारखा पडत होता.

शनिवारी त्यांना ताप आला. निदान त्यांनी कपाळाला हात लावून तसं ठरवलं आणि घोंगडी ओढली. केसरबाई चुलीपाशी होत्या. दुपारी त्यांनी हाक मारली, "जेवाले या." ताटात भाकर होती आणि बेसन होतं. बाजूला काही नव्हतं. लोणचं नाही, कांदा नाही, मीठ नाही. बेसनात मीठ कमी होतं. की तोंडालाच चव नव्हती. "मीठ दे कनभर," जानराव म्हणाले, आणि म्हणताना त्यांना आपलाच आवाज ऐकू आला. केसरबाईंनी मिठाचं मडकं उचललं, खाली बसल्या, आणि चिमूटभर मीठ त्यांच्या ताटाच्या कडेला ठेवलं. अगदी ताटाला बोटं टेकवून, एकही खडा सांडू न देता. जानराव म्हणाले, "माझ्यानं आज जानं होत नाई. अंग तापलं." केसरबाईंनी हातही लावून पाहिला नाही. "जा," म्हणाल्या. "तुमचं नाव घेनार हायेत म्हने. मी बी येतो. मले बी आयकाचं हाये." इतक्या वर्षांच्या संसारात त्या गोष्टीबद्दल त्या एवढंच बोलल्या, आणि त्यात एकही शब्द वावगा नव्हता.

जिनिंगचं मैदान तुडुंब भरलं होतं. हंगाम संपलेला, पण गंजीच्या जागी कापसाचे पुंजके अजून मातीत अडकलेले, आणि माणसं चालली की ते उडत. वडनेरहून गाड्या आल्या होत्या, मोताळ्याकडची, पार रोहिणखेडची माणसं आली होती. पोरं भिंतीवर, बाप्ये जमिनीवर, बायका एका अंगाला. दिवस अजून बुडायचा होता; पत्र्याच्या छपरावर ऊन तांबडं झालेलं. पहिल्या रांगेतली मधली खुर्ची कडूबानं आपल्या फडक्यानं झाडली. "बसा जानरावभाऊ. आज तुमची दिवाळी." मागून कोणीतरी ओरडलं, "काका, भरीत का फुणके?" हसू उसळलं. जानरावांनी हात वर केला. सवयीचा हात. निवृत्ती मंचाच्या पायथ्याशी भोंग्याच्या मशिनपाशी उकिडवा बसला होता. त्यानं मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं आणि लहान मुलासारखा हसला.

मोतीराम आले. काठी टेकत आले आणि पेटीपुढं बसेपर्यंत मैदान उठून उभं राहिलं. केस पांढरे, गाल आत गेलेले. गळा मात्र तोच. बेंजोवाल्यानं रबरी चप्पल घातली नव्हती, अनवाणी होता. मोतीरामांनी पेटीवर हात ठेवला. मैदान असं गप्प झालं की कापसाचा पुंजका खाली बसल्याचा आवाज यावा. सूर आला. थोडा फाटलेला, आता खालच्या पट्टीतही फाटलेला, आणि त्या फाटीतून जानरावांना लिंबाचं खोड दिसलं, स्वतःची तरणी पाठ दिसली. मोतीराम गाऊ लागले: वडनेरच्या शिवारात, चैताच्या दुपारात, भाकर होती, बेसन होतं, भूक होती जोरात. मैदानातून "हाऽऽव!" उठलं. "बेसन! बेसन निघालं!" कडूबा फुसफुसला आणि जानरावांच्या मांडीवर थाप मारली. मोतीरामांनी डोळे मिटले. ज्याची भाकर पोटात, गायले. त्याचं नाव ओठात, गायले. आणि ओठ मिटले. पेटी एकटीच वाजली. चार सूर, नावाच्या जागी, नावाच्या मापाचे. बेंजोवाल्याला कळेना, तो थांबला. पुन्हा ओळ आली, पुन्हा ओठ मिटले, पुन्हा चार सूर. तिसऱ्यांदाही. शब्द दिलेला माणूस दुसरं काय करणार? नाव तर घ्यायचं नाही, आणि मीठ तर फेडायचं. त्यांनी पान गायलं नाही, माती गायली नाही, ओंजळ गायली नाही. नुसती जागा रिकामी ठेवली, झाडून, स्वच्छ.

मैदानात कुजबुज सुरू झाली. माना वळू लागल्या. या वेळी वेगळ्या वळल्या. कडूबानं जानरावांच्या कानाशी तोंड आणलं. आवाजात कीव होती. "इसरला वाटते म्हतारा. वय झालं. नाव नाई आठोलं त्याले." आणि तिथं वाट मोकळी होती, पहा. नुसतं "हाव" म्हणायचं होतं. तेवढं म्हणून हा माणूस सुटला असता. पण मोतीराम विसरला असं म्हणायचं, हे जानरावांच्या जिभेला झेपलं नाही. उभ्या जन्मात पहिल्यांदा त्या जिभेनं काही वाढवलं नाही, काही चढवलं नाही. "इसरला नाई तो," ते म्हणाले. "मीच सांगतलं होतं त्याले. माझं नाव घेऊ नको म्हनून."

कडूबाच्या डोळ्यांत पाणी आलं, खरं पाणी, भट्टीच्या धुराचं नव्हे. "अरे माझ्या राजा!" तो म्हणाला आणि मागं वळला. "आयकलं का बे? यायनंच बंदी घातली होती! जेवू घातलं आन् वरतून म्हने, माझं नाव नको घेऊ! अरे, पुन्य करावं तं असं!" तुरीच्या शेतातून वारा जावा तसं ते वाक्य रांगेरांगेतून मागं गेलं. यायनंच बंदी घातली होती. कोणीतरी "वाह!" म्हणालं. एका म्हाताऱ्यानं पुढं वाकून जानरावांच्या पायाला हात लावला आणि तो हात कपाळाला नेला. जानराव म्हणू लागले, "तसं नाई, तसं नाई हो..." आणि लोक आणखी गहिवरले, कारण थोर माणूस असंच म्हणतो. खरं सांगून झालं होतं. आता सांगायला काही उरलंच नव्हतं. वाक्य बायकांच्या अंगाला पोचलं तेव्हा तिथं एक डोकं वळलं. पदर ओढून घेतलेला, अर्धाच चेहरा, एकच डोळा. या वेळी जानरावांनी पाहिलं. त्यांना नजर काढून घेता आली नाही.

तारेचं टोक हातात तसंच धरून निवृत्ती मंचाच्या पायथ्याकडून सरकत त्यांच्या खुर्चीपाशी आला. गुडघ्यांवर बसला. सगळं मैदान कौतुकानं बघत होतं, त्याच्या तोंडावर मात्र कौतुक नव्हतं. हिशेब न जुळलेल्या माणसाच्या कपाळावर असते तशी एक बारीक आठी होती, आणि ती हळूहळू खोल होत होती.

"काऊन?" त्यानं कारण विचारलं. हळूच, दुसऱ्या कोणाला ऐकू जाऊ नये असं. "काऊन सांगतलं होतं, काका?"

जानरावांनी तोंड उघडलं. वर मंचावर मोतीरामांनी पहिल्या गाण्याआधी पाण्याचा लोटा उचलला होता, तो ओठांना लावला होता, आणि घाटी वर जात होती, खाली येत होती, वर जात होती, खाली येत होती. आणि खाली निवृत्ती उत्तराची वाट बघत गुडघ्यांवर तसाच बसून होता.